सहा लाखांचं पत्र

वामनरावांनी स्टीलची पट्टी कागदावर आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायला घेतलं. समोर बाप-लेक बसले होते. बाप खुर्चीच्या कडेवर, आत्ता उठायचंय अशा बेतानं. मुलगी मात्र नीट टेकून. पट्टी चौथ्या पानाच्या तळाशी पोचली तेव्हा वामनरावांना सगळं कळलेलं होतं. दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

"साहेब, हे सहा लाख एकदम भेटते, का दर साली थोडे थोडे?" बाबूलालनं विचारलं.

वामनराव हसले नाहीत. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला असल्या प्रश्नाचं हसू येत नाही. पत्र पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठाचं होतं. वर मुलीचं नाव, खाली अभिनंदन, आणि मधोमध निळ्या चौकटीत ठळक अक्षरांत 'गुणवत्ता शिष्यवृत्ती : रु. ६,००,०००'. बाबूलालनं ती चौकट वाचली आणि पोरीच्या खात्यात सहा लाख येणार असं धरून उमरेडला अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पेढे खाणाऱ्यांपैकी नत्थूजी एकटाच जरा शहाणा. तो वामनरावांच्याच कॉलेजातला जुना शिपाई. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, पहिले नागपूरले प्रताप नगरात जाऊन वामनराव साहेबांले कागद दाखव, मंगच सही कर.

म्हणून बाबूलाल आज खाडा करून आला होता. कोळसाखाणीवर एका ठेकेदाराचा पाण्याचा टँकर तो चालवायचा. त्याच्या बापापर्यंत घरात हातमाग होते; आता घरात विणता येणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगी अंजू. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत शहाण्णव पर्सेंटाइल घेऊन बसलेली, बारीक चणीची, कोणाचंही बोलणं पुरतं ऐकून घेणारी.

दुसरा कागद नागपूरच्याच एका कॉलेजचा होता, सरकारी प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेचा. त्यावर अभिनंदन नव्हतं, चौकट नव्हती. नुसता आकडा होता : वार्षिक शुल्क एक लाख बत्तीस हजार. तो बघूनच बाबूलालच्या मनातून हे कॉलेज उतरलेलं.

खरी गोष्ट नेमकी उलटी होती. पुण्याची फी पहिल्या वर्षी तीन लाख ऐंशी हजार आणि पुढं दरवर्षी दहा टक्के जास्त. ते सहा लाख हातात पडायचे नव्हतेच. ते फीमधून वर्षाला दीड लाख असे कापले जाणार होते, आणि तेही दुसऱ्या वर्षापासून ठरावीक गुण टिकवले तर. होस्टेल, मेस वेगळं. जागा अडवायला पन्नास हजार आधी भरायचे, ते परत मिळणार नाहीत असं सगळ्यात बारीक अक्षरात. नागपूरच्या जागेवर मात्र अंजूसारख्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलीला शिक्षण शुल्क माफ होतं. फक्त ते त्या कागदावर कोणी लिहिलेलं नव्हतं. सरकार आपली चांगली गोष्ट अशीच लपवून ठेवतं, हे वामनरावांना पाठ होतं.

हे सगळं सांगायला पाच मिनिटं पुरली असती. मग बाबूलाल उठला असता, मुलीनं वाकून नमस्कार केला असता आणि फाटक वाजलं असतं.

त्या घराचं फाटक फार वाजत नसे. बायको तारा जाऊन दोन वर्षं होत आली होती. मुलगा पुष्कर टोरांटोला. त्याचा फोन दर रविवारी सकाळी यायचा आणि "बाबा, गोळ्या घेताय ना" इथून सुरू होऊन तिथंच संपायचा. बाकी सहा दिवस वामनराव दूधवाल्याशी, वॉचमनशी आणि बातम्यांमधल्या माणसांशी बोलत. आज बऱ्याच महिन्यांनी त्यांनी वरच्या फळीवरून आणखी दोन कप काढले होते, विसळून पुसले होते. कपांत चहाचा तळ अजून ओला होता.

"जरा बारकाईनं बघावं लागेल," ते म्हणाले. "यात बऱ्याच खोचा आहेत. झेरॉक्स माझ्याकडे ठेवून जा, मूळ कागद तुम्ही घेऊन जा. मूळ कागद कोणाकडे ठेवायचे नसतात. आणि परवा या. बुधवारी."

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही पोराला उद्या ये, परवा ये असं म्हटलं नव्हतं. खिडकीशी आलेलं काम त्याच दिवशी संपवायचं यासाठी ते सगळ्या कॉलेजात बदनाम होते.

"बुधवारी," बाबूलाल म्हणाला. त्यानं मनात काहीतरी जुळवून पाहिलं. "हाव जी. येतो."

सोमवार तर होता. प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच. हाताशी चार दिवस होते. कोणाचं काही बिघडत नव्हतं, असं वामनरावांनी स्वतःला समजावलं आणि ते समजलेही.

बुधवारी बाप-लेक अकराच्या आत आले. बाबूलालनं भिवापुरी तिखटाची पुडी आणली होती.

"घरी कुटलेलं आहे, साहेब. सांभाळून टाकजा. डोयातून पानी काढते."

अंजू सरळ स्वयंपाकघरात गेली. साखर कुठं, चहापत्ती कुठं, हे विचारत तिनं चहा टाकला आणि बाहेर आणून देताना म्हणाली, "आजोबा, तुमचं दूध नासाले आलं होतं. मी तापवून ठेवलं."

साहेबाचं आजोबा केव्हा झालं ते कळलं नाही. वामनरावांना ते इतकं बरं वाटलं की त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

त्या दिवशी त्यांनी फक्त फीवाढ शिकवली. दहा टक्के म्हणजे दरवर्षी अडतीस हजार नव्हेत, वाढलेल्या फीवर पुन्हा दहा टक्के, हे त्यांनी कागदावर चार वर्षं मांडून दाखवलं. मग होस्टेल. मग मेस. मग मेसच्या सुट्ट्यांचे पैसे परत मिळत नाहीत ते. मध्येच त्यांनी जुन्या एका पोराची गोष्ट सांगितली, ज्याचा अर्ज ते स्वतः सायकलवर घेऊन समाजकल्याणच्या ऑफिसात गेले होते. अंजू वहीत लिहून घेत होती आणि बरोबर तिथं तिथं प्रश्न विचारत होती. बाबूलाल मान हलवत होता आणि अधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. दीड वाजला. नागपूरच्या कॉलेजचं वामनरावांनी काढलंच नाही.

"ते दुसरं उद्या बघू," ते म्हणाले. "त्यातच खरी गंमत आहे. उद्या अकराला."

बाबूलालनं अंजूकडे पाहिलं. "उद्या माही ड्यूटी..."

"येऊ ना आमी, आजोबा," अंजू म्हणाली.

ते गेल्यावर वामनराव फाटकाशी बराच वेळ उभे राहिले. शेजारच्या मिनलताई भाजी घेत होत्या. त्यांनी विचारलं, "पाहुणे आले होते का हो?"

"हो," वामनराव म्हणाले. "उद्याही यायचेत."

गुरुवारी त्यांनी पोहे केले. तिघांचे. ताराला नेमकं प्रमाण ठाऊक असे. यांनी अंदाजानं भिजवले ते पाच जणांना पुरतील एवढे झाले. वर लिंबू चिरून ठेवलं. अकरा वाजले, बारा वाजले. एकदा फाटक वाजलं तर कुरिअरवाला आलेला, यांचा चेहरा बघून त्याला वाटलं आजोबा रागावलेत. दोन वाजता पोह्यांवर झाकण पडलं ते पडलंच.

आधी त्यांना राग आला. बोलावल्या वेळी न येणाऱ्यांचा त्यांना पहिल्यापासून राग. मग काळजी वाटली. आणि चार वाजता, बाबूलालच्या नंबरावर सहाव्यांदा 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकल्यावर, त्यांनी कॅलेंडराकडे पाहिलं. उद्या शुक्रवार. पाच वाजता ती जागा गेली की गेली, पुढच्या पोराला. बाबूलालच्या डोक्यात अजून ते सहा लाखच बसलेले. पुण्याला पन्नास हजार भरून मोकळा झाला असेल तर? कुठून तरी उसने काढून, व्याजानं?

आणि हे सगळं आपल्याला सोमवारी दुपारीच माहीत होतं.

त्यांनी कोणाला सांगायचं म्हटलं तरी सांगण्यासारखं घरात कोणी नव्हतं. शिष्यवृत्तीच्या खिडकीमागं बसून त्यांनी किती तरी कामचुकार माणसांना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. त्यातला एकही असा वागला नव्हता, असं त्यांना आता वाटलं. ते लोक आळशी होते, एवढंच. आळसापायी कोणी एका पोरीची जागा चार दिवस हातात धरून बसत नाही.

शुक्रवारी सकाळी पहिल्या दोन एसट्यांत चढताच आलं नाही, दहाची त्यांनी पकडली. झेरॉक्सच्या कागदांची पिशवी मांडीवर, छत्री पायाशी. उमरेडला उतरले आणि नत्थूजीची गल्ली विचारत निघाले. नत्थूजी त्याच्या लेकीच्या गावी गेलेला. पण सहा लाखवाल्या बाबूलालचं घर कोणीही दाखवलं असतं. पेढे सगळ्यांनीच खाल्ले होते.

दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. ती उठून पदर सावरत उभी राहिली.

"मी वामनराव. नागपूरहून, प्रताप नगरातून. अंजू कुठं आहे? बाबूलाल?"

"या जी, या बाप्पा! मी रुख्माबाई, अंजूची माय. हे ड्यूटीवर गेलेत, पोरगी तहसीलीत गेली दाखल्यासाठी. तुमी बसा पहिले."

"बसायला वेळ नाही हो. आज शेवटची तारीख. पाच वाजेपर्यंत. कॉलेजात स्वतः जावं लागतं. आत्ता निघालो तर जमेल, माझ्याकडे सगळं मांडलेलं आहे, ते पुण्याचं पत्र आधी बाजूला ठेवा, तिकडे एक पैसा भरू नका..."

"अॅडमिशन तं झाली जी."

वामनराव थांबले. "कुठं?"

"नागपुरातच. मंगळवारीच झाली. तुमी पानी घ्या."

तिनं त्यांना आत नेलं. खोलीत पलंगाजवळच्या फरशीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा होता. तिथं पूर्वी मागाचा खड्डा असणार. त्याच्यावरच आता अंजूचं टेबल होतं. रुख्माबाईनं टेबलावरची प्लास्टिकची फाइल काढून त्यांच्या हातात दिली. सगळ्यात वर कॉलेजची पावती होती. मंगळवारची तारीख, चौदा हजार दोनशे, शिक्क्यासकट. त्याखाली पुण्याचं पत्र.

"आन् हे तुमीच तं लिहून देल्लं होतं," ती म्हणाली आणि पत्राचं शेवटचं पान उलटं केलं.

मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं दोन रकाने होते. डावीकडे पुणे, चार वर्षं, बेरीज अठरा लाख चार हजार. उजवीकडे नागपूर, 'मुलगी, शि. शु. माफ', बेरीज अठ्ठावन्न हजार. उजव्या बेरजेखाली दोन रेघा. त्याखाली वा. ग. अशी सही आणि सोमवारची तारीख.

अक्षर त्यांचंच होतं. कधी लिहिलं ते त्यांना आठवेना. तपासलेल्या प्रत्येक कागदामागं बेरीज मांडून सही-तारीख करायची, ही सवय एकतीस वर्षांची. तोंड बुधवारी या म्हणत होतं तेव्हा हातानं आपलं काम उरकून टाकलं होतं.

"पोरीनं बसमधीच पाहिलं," रुख्माबाई सांगत होती. "म्हने, बाबा, साहेबानं तं सारं करूनच देल्लं आहे. दुसऱ्या दिवशी गेले अन् भरून आले. पेढ्याचं थोडं वाईट वाटलं ह्यायले. पन अठरा लाख म्हटल्यावर कोन काय बोलते?"

"मग बुधवारी काहून आले?" वामनरावांच्या तोंडून निघालं. ऑफिसात 'का'ऐवजी येणारा हा गावाकडचा शब्द त्यांनी जपून टाळलेला होता.

रुख्माबाई चुलीकडे वळली. परातीत पीठ घेतलं.

"तुमी बलावलं होतं ना जी. अंजू म्हने, आजोबा एकटेच राह्यते, बोलाले कोनी नाई घरात. मी म्हटलं, जा मंग. काल बी येनार होते, पन ह्यायले सुट्टी नाई भेटली. सोमवार, मंगळवार, बुधवार, लागून खाडे झाले ना. मुकादम लय बोलला. अन् पोरीले एकटी पाठवाची तं सोबत नव्हती. तुमाले फोन कराचा राहून गेला, ते चुकलंच आमचं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाकरी थापताना माणूस जे काही सांगतो तसंच ती सांगत होती. वामनरावांनी मनात दिवस मोजले. सोमवारचा खाडा कामाचा होता, मंगळवारचा प्रवेशाचा. बुधवारचा त्यांचा होता. बाबूलाल घड्याळाकडे का बघत होता ते त्यांना आत्ता कळलं. ते फीवर पुन्हा फी कशी चढते ते रंगवून सांगत होते, आणि पोरगी, सगळं माहीत असलेली पोरगी, मान खाली घालून लिहून घेत होती.

त्यांचा हात खिशाकडे गेला. पाकिटाला बोटं लागली आणि त्यांनी हात काढून घेतला. पैसे पुढं केले असते तर या बाईला काय वाटलं असतं, एवढं कळण्याइतकी लाज त्यांच्यात शिल्लक होती.

तिनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कच्चा कांदा. ते दोन भाकऱ्या जेवले. समोर बसून कोणी वाढतंय, आणखी घ्या म्हणतंय, यात त्यांना फार बरं वाटलं आणि बरं वाटल्याचीच शरम वाटली.

अंजू आली ती दारातच सायकल टेकवून, "आजोबा!" करत. हातात तहसीलीची पोचपावती. फाइल उघडी पडलेली तिनं पाहिली, मागची बाजू वर असलेलं पत्र पाहिलं. मग तिनं फाइल बंद करून टेबलावर ठेवली.

"जेवले?" तिनं विचारलं.

"जेवलो."

"आजोबा, एक विचारायचं होतं. काल येऊन विचारणारच होती." ती आईकडे बघून घेऊन बोलायला लागली. "चार वर्षं राहायचं कुठं ते ठरलं नाही अजून. तुमच्या घरी वरची खोली रिकामीच असते ना? मी भाडं देईन, जमेल तेवढं. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करीन. बाबा म्हणाले, आजोबाले विचार, ते सांगतील ते बरोबरच असते."

"तुमी सांगान तसं जी," रुख्माबाई म्हणाली. "तुमच्या घरी राह्यली तं आमाले घोर नाई."

वामनरावांना ती खोली दिसली. खिडकीत दिवा, दोरीवर ओढणी, जिन्यात चपलांचा आवाज. खालून हाक मारली की वरून ओ येईल. चार वर्षं. हो म्हणायला एक अक्षर पुरत होतं, आणि ते हो दोघींनाही हवं होतं. या वेळी त्यांना कोणाला फसवावंसुद्धा लागणार नव्हतं. नुसतं सगळं सांगायचं नाही, एवढंच.

"नाही," ते म्हणाले. श्वास न घेता पुढं बोलले, कारण थांबले असते तर बोलू शकले नसते. "सरकारी मुलींचं वसतिगृह आहे. राहणं, जेवण फुकट, वर महिन्याला हातखर्चाला थोडे पैसे. तुझे गुण बघता पहिल्या यादीत नाव लागेल. कॉलेजच्या पावतीची झेरॉक्स आणि उत्पन्नाचा दाखला जोडायचा. पण नागपुरात राहायची सोय आहे असं अर्जात आलं, की तुझा हक्क जातो. म्हणून माझ्याकडे राहायचं नाही. आणि माझ्याकडे राहिलीस तर संध्याकाळी मला पोळ्या करत बसशील. तिथं तुझ्याबरोबरीच्या पोरी असतील, रात्री एकत्र अभ्यास करतील. वहिनी, फॉर्म आजच भरायचा. उद्यावर टाकू नका."

रुख्माबाईनं मान हलवली. अंजूनं वही ओढून वसतिगृहाचं लिहून घेतलं.

"मग रविवारी येत जाईन तुमच्याकडे."

"रविवारी इकडे यायचं," वामनराव म्हणाले. "तासाभराची बस आहे. आई वाट बघेल."

त्यांनी झेरॉक्सची पिशवी उचलली, छत्री घेतली. रुख्माबाई थांबा म्हणत होती, हे पाचला येतील, भेटून जा, चहा तरी घ्या.

"नको, मला निघायला हवं. संध्याकाळी माझ्याकडे माणसं यायची आहेत."

अंजूनं कोण, ते विचारलं नाही. तिनं पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, "हाव? मग लवकर चला आजोबा, अडीचची गाडी भेटून जाईल." आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन ती बसस्टँडच्या दिशेनं त्यांच्या चालीनं, सावकाश चालू लागली.